एक 'व्ही' कमी

अहो, गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. चांगलं तेवढं आठवावं आणि त्याची वाट मोकळी करावी. मी मात्र चौदा दिवस तुमच्यावर रागावलेली आहे, आणि तुमच्याहून जास्त शेजारच्या पार्वतीवर. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना मी फक्त रडताना दिसले. रडत होते हे खरंच आहे. पण त्यातलं निम्मं रडू मत्सराचं होतं, हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

घरात प्रवीण होता म्हणा. पण पोटच्या पोराला कसं सांगायचं की बाबा रे, तुझे वडील गेले त्याचं दुःख आहेच, शिवाय त्यांच्या वाय-फायचा पासवर्ड शेजारणीच्या फोनमध्ये आहे आणि माझ्या फोनमध्ये नाही, म्हणून माझा जीव जळतोय. त्याने मला मंचरला डॉक्टरकडे नेलं असतं.

सुरुवात फोनपासून झाली. तुम्ही दुकानात कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटारीचं वाइंडिंग भरत होतात आणि भरता भरताच मान टाकलीत. सगळं उरकून संध्याकाळी मी अंघोळीला गेले, तर कमरेला खोचलेला फोन भरल्या बादलीत पडला. मला त्याचं काही वाटलंही नाही. तिसऱ्या दिवशी प्रवीणने नवा फोन आणला, त्यात सिम टाकलं आणि म्हणाला, "आई, वाय-फायचा पासवर्ड सांग." मी म्हटलं, "बाबांना विचार." असं मी रोज दहा वेळा म्हणायची. गॅस कधी लावला होता, बाबांना विचार. पान्याची पेटी कुठे आहे, बाबांना विचार. प्रवीणने माझ्याकडे पाहिलं आणि फोन खाली ठेवला.

आपल्या घरात रेंज धरत नाही. बोलायचं तर गच्चीवर जावं लागतं, म्हणून तर तुम्ही हट्टाने वाय-फाय घेतलंत. राउटरच्या खाली छापलेला पासवर्ड प्रवीणने घालून पाहिला. तो चालणार कसा? दिवाळीत तुम्हीच तो बदलला होता. गल्लीतली सगळी पोरं आपल्या पायरीवर बसून गेम खेळायची आणि प्रवीणचा पुण्याहून येणारा व्हिडिओ कॉल सारखा अडकायचा, म्हणून तुम्ही वैतागलात. मला तो दिवस चांगला आठवतो. मी चकल्या पाडत होते. तुम्ही चष्मा कपाळावर सारून माझा फोन घेतलात आणि माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून, एकेक अक्षर दाबत बसलात.

"काय ठेवलाय नवीन?" मी विचारलं.

"काय न्हाई. नंबर हाय."

आणि मी काय म्हणाले? बायको काय म्हणेल? पाठ का करताय, माझ्यापासून काय लपवताय, असं काहीतरी म्हणेल. मी म्हणाले, "'न्हाई' नाही, 'नाही' म्हणावं. आणि 'हाय' काय? 'आहे'."

"बरं. नाही. आहे," तुम्ही म्हणालात आणि फोन माझ्या पुढ्यात ठेवून दुकानात गेलात. पासवर्ड विचारायची ती एकच वेळ होती आणि ती मी व्याकरणात घालवली.

तुमच्या फोनमधून निघेल म्हणावं, तर तो तुमच्या अंगठ्याने उघडायचा. एकदा बंद पडल्यावर तो आकडे मागायला लागला आणि ते आकडेही कुणाला ठाऊक नाहीत. जन्मभर मी तुम्हाला अंगठाबहाद्दर म्हणून चिडवलं. सातवी पास माणूस आणि मास्तरीण बायको, ही आपल्या घरातली कायमची गंमत. आणि जाताना तुम्ही तो अंगठाच बरोबर घेऊन गेलात.

चौथ्या दिवशी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. पार्वती तिच्या उंबऱ्यात बसून नवऱ्याशी व्हिडिओवर बोलत होती. तो ट्रकवर असतो, महिना-दोन महिन्यांनी कधीतरी घरी येतो. तो पलीकडून म्हणाला, "आज लई क्लिअर दिसतीस गं." ती म्हणाली, "नानांचं वाय-फाय हाय नव्हं. नाना गेलं, पर त्यांचं नेट चालू हाय." माझ्या हातातून चिमटा पडला. गल्लीतल्या पोरांना तुम्ही तोडलंत, आणि दिवाळीनंतर तो नवा पासवर्ड फक्त तीन फोनांत होता. तुमच्या, माझ्या आणि तिच्या.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. राउटर बसवताना तुम्ही घरभर फिरलात, ह्या भिंतीला हात लावलात, त्या भिंतीला हात लावलात, आणि शेवटी खिळा कुठे ठोकलात? मागच्या खोलीत, पार्वतीच्या बाजूच्या भिंतीला. मी विचारलं तर म्हणालात, वायर तिथूनच येते. मी मास्तरीण, मला वायरीतलं काय कळतंय! संध्याकाळी दुकान बंद केल्यावर तुम्ही आधी तिच्या उंबऱ्याशी उभे राहायचात. नाचणीचे पापड वाळले का, तळेघरला पाऊस किती झाला, भात लावून झाला का, हे विचारायला दहा मिनिटं लागत नाहीत, पण तुम्हाला अर्धा तास लागायचा. ती तुमच्या तळेघरकडचीच, हे मला मान्य आहे. गावचं माणूस म्हणून बोलत होतात, तेही मान्य. पण मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत असायची, आणि तिथे उभा असलेला माणूस माझ्या ओळखीचा नव्हता.

तो माणूस हसायचा. लई, म्या, व्हतं, इचार, इहीर असं काय काय धबाधबा बोलायचा. एकदा तुम्ही तिला सांगत होतात, "अगं, त्या मोटारीत बेडूक बसला व्हता! गडी म्हनं, नाना, मोटार वरडती. म्या म्हनलं, मोटार न्हाई, तिचा नवरा वरडतोय!" तुम्ही दोघं इतकं हसलात की तिच्या पापडांवर बसलेल्या चिमण्या उडाल्या. मग तुम्ही घरात आलात, हातपाय धुतलेत आणि पाटावर बसलात. मी विचारलं, "आज दुकानात काय झालं?" तुम्ही क्षणभर विचार केलात आणि म्हणालात, "विशेष काही नाही."

शुद्ध बोललात. मला तेव्हा बरंही वाटलं. हे आज लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

बेडकाची गोष्ट मला कधीच कळली नसती, खिडकी उघडी नसती तर. अहो, मला का नाही सांगितलीत? मीही हसले असते. आधी 'वरडती' दुरुस्त केलं असतं, पण मग हसले असते.

दशक्रियेला नदीवर किती माणसं आली होती! तुम्ही मोटारी भरून दिलेले शेतकरी थेट जुन्नरपासून आले. माइकवर एकेक जण उठून बोलत होता. नाना असे, नाना तसे, नानांचा विनोद, नानांच्या गप्पा. मी पदर तोंडाला लावून बसले होते आणि मनात म्हणत होते, कुठले नाना, कुठल्या गप्पा? प्रत्येकाकडे तुमचं काहीतरी होतं. तुमचं बोलणं तुम्ही गावभर वाटलंत आणि घरी यायच्या आत संपवलंत, असं वाटत होतं.

मग पिंड ठेवले, आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर तीन बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. प्रवीण हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळेन." कावळे हलले नाहीत. तुमचा भाऊ म्हणाला, "नाना, दुकान बंद पडू देणार नाही." तरी नाहीत. लोक माझ्याकडे बघायला लागले. बायकोत इच्छा अडकली असणार, असं एक म्हातारी कुजबुजलीसुद्धा. मी पुढे झाले आणि म्हणाले, "अहो, आपण कसलीही काळजी करू नये." ऐकताना मलाच वाटलं, मी शाळेत परिपाठाला बोलतेय. कावळ्याने मान तिरकी करून पाहिलं आणि पुन्हा दुसरीकडे तोंड केलं.

तेवढ्यात मागून, बायकांच्या घोळक्यातून, पार्वतीचा आवाज आला. "या की वं नाना! किती येळ लावताय? समदी उपाशी हायती!"

आणि कावळा आला. लगेच आला. लोकांनी हुश्श केलं, कुणी डोळे पुसले, कुणी पार्वतीच्या पाठीवर हात ठेवला. मला त्या कावळ्याला दगड मारावासा वाटला. गंमत नाही करत, माझ्या पायाशी एक गुळगुळीत धोंडा होता आणि मी त्याच्याकडे पाहिलं होतं. जिवंतपणी तिचं ऐकायचात, ते ऐकायचात. आता कावळा होऊनही तिचंच ऐकायचं?

त्या दिवसापासून पासवर्ड ही माझ्यासाठी नेटची गोष्ट राहिली नाही. नेट मला काय करायचंय? गच्चीवर जाऊन बोलते मी. पण तुम्ही माझ्याकडे पाठ करून कुठला शब्द लिहिलात, हे मला कळायलाच हवं होतं. घरच्या वाय-फायला कुलूप घालायचं, तर माणूस आपल्या जवळचं काहीतरी घालतो. तुमच्या जवळचं काय होतं, हे विचारायला दुसरी जागा उरली नव्हती.

मी शाळेची जुनी वही काढली आणि अकराव्या दिवशी यादी करून बसले. इंग्रजी अक्षरांत प्रवीणचं नाव घातलं, त्याच्या जन्माचं साल लावून घातलं. फोन म्हणाला, पासवर्ड चुकीचा आहे. भीमाशंकर घातला, तळेघर घातलं, तुमच्या दुकानाचं नाव घातलं. चूक, चूक, चूक. मग 'सुमन' घातलं. सुमन म्हणजे मीच, पण मला त्याची फार आशा नव्हती. ते नाव तुमच्या आईने मला दिलेलं. तुम्हीही मला कधी त्या नावाने हाक मारली नाहीत. मला 'अगं' आणि तुम्हाला 'अहो', यावर आपला सगळा संसार झाला. सुमनही चूक निघालं.

त्यानंतर मी काय केलं ते ऐकून तुम्ही हसाल. दार लावून घेतलं, चष्मा पुसला, आणि 'पार्वती' टाइप केलं. दोनदा अक्षरं चुकली, दोनदा खोडावी लागली. फोनने विचार केला, ते गोल चक्र फिरलं, आणि म्हणाला, पासवर्ड चुकीचा आहे. चाळीस वर्षांच्या नोकरीत मुलांच्या वहीवर इतक्या लाल फुल्या मारल्या, पण कुठली चूक बघून मला एवढा आनंद झाला नव्हता. आणि लगेच लाज वाटली. मग तिच्या नावापुढे तळेघर लावूनही पाहिलं. लाज एकीकडे आणि संशय एकीकडे. तेही चूक निघालं.

शेवटी एक नाव उरलं, आणि ते मी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. विमल. माझं माहेरचं नाव.

ह्या नावावरचं आपलं भांडण तुम्ही तसंच टाकून गेलात. सुपारी फुटली तेव्हा मी विमल होते. पण तुमच्या थोरल्या बहिणीचंही नाव विमल, आणि तुमच्या आईला एका घरात दोन नकोत. माझं माहेर आळे गावचं, म्हणून लग्न ठरल्यापासून त्या मला 'आळ्याची' म्हणायच्या. आपली इमल ती इमल, आणि मी आळ्याची. आळ्याच्या मुलीने हे केलं, आळ्याचीला ते येत नाही. मग लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि तुमच्या हातात अंगठी दिली, बायकोचं नवं नाव लिहायला. तुम्ही अंगठी टेकवलीत आणि 'इ' काढलात. माझ्या बहिणी खो खो हसल्या. "अहो पाव्हणं, सुमनला 'सु' लागतो!" तुमच्या मावशीने घाईघाईने तांदूळ सारखे केले. तुम्ही कानापर्यंत लाल झालात आणि मग नीट 'सुमन' लिहिलंत. मी पदराआडून तो 'इ' पाहिला आणि मनात म्हटलं, झालं, नवऱ्याला अक्षरओळखही नाही. त्या दिवसापासून मी तुमची शाळा घ्यायला लागले.

भांडताना मी दर वेळी म्हणायची, तुम्ही एका शब्दाने तरी आईंना म्हणायचं होतं, की हिचं नाव राहू द्या. तुम्ही गप्प बसायचात. ते गप्प बसणं मला कबुली वाटायचं. माझं नाव पुसलं गेलं त्याचं ह्या माणसाला काहीच नाही, असं मी पक्कं धरून चालले होते.

तरी मी ते घातलं. विमल. मग पहिलं अक्षर मोठं करून विमल. मग लग्नाचं साल लावून, मग आळे लावून, मग आळ्याची लावून. पुढे आळे, मागे आळे. सगळं चूक. मी वही मिटली. रडले नाही. मनात म्हटलं, बरंय, कळलं एकदाचं.

काल तेरावं झालं. पाहुणे गेल्यावर प्रवीण टाचणी घेऊन राउटरपाशी उभा राहिला. मी विचारलं, "काय करतोस?"

"रीसेट करतोय. ह्या भोकात टाचणी टोचली की बाबांचा पासवर्ड पुसला जातो. मग नवीन घालू. तुझ्या लक्षात राहील असा."

"पुसला जातो म्हणजे? पुन्हा कळत नाही?"

"नाही ना. संपला."

मी त्याच्या हातातून टाचणी घेतली. टोचली मलाच. "उद्या कर," म्हणाले. "आज तेरावं आहे."

"आई, तेराव्याचा आणि राउटरचा काय संबंध?" तो म्हणाला. मग माझं तोंड बघून नरमला. "जुनाच हवा असेल, तर ज्या फोनमध्ये तो चालू आहे त्यातून दिसतो. पण तुझा गेला, बाबांचा उघडत नाही. आणखी कुणाच्या फोनमध्ये आहे का?"

"नाही," मी म्हणाले. शुद्ध खोटं बोलले, तेही शुद्ध मराठीत. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "पण कसा दिसतो तो?" त्याने स्वतःच्या फोनवर दाखवलं. सेटिंग उघडायचं, वाय-फाय दाबायचं, शेअर म्हणायचं. मी वहीत लिहून घेतलं.

तो आज जेवून पुण्याला निघणार होता, आणि निघण्याआधी टाचणी टोचणार होता. म्हणून सकाळी मी तिच्या दारात गेले. ती शेजारी राहायला आल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा गेले असेन. तिच्याकडून पापड यायचे, माझ्याकडून डबा रिकामा परत जायचा नाही, पण उंबरा मी ओलांडला नव्हता. ती पीठ मळत होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले आणि चटई टाकली.

"बसा बाई. च्या ठिवते."

"चहा नको. तुझा फोन दे जरा. ह्यांनी त्यात जो पासवर्ड घातलाय, तो मला हवाय."

मी एवढं रोखठोक बोलले, तरी तिने काही मनावर घेतलं नाही. फोन आणून माझ्या हातात दिला. त्याला कुलूप नव्हतंच. "बघा तुमीच. मला काय वाचता येतंय त्यातलं? नानांनीच बोटं मारली व्हती."

"तुला सांगितलं नाही काय घातलंय ते?"

"म्या इचारलं व्हतं की. म्हनलं, नाना, काय घातलंय? तर लई हसलं. म्हनलं, घरातलंच हाय."

"आणखी काय म्हणायचे?" मला विचारायचं नव्हतं. पण तोंडातून गेलं.

पार्वतीने माझ्याकडे पाहिलं. बोलावं की नाही असं तिचं झालं. "राग मानू नका बाई. नाना म्हनायचं, पार्वते, तुझ्याकडं तोंड मोकळं करून जातो. घरी शाळा भरलेली असती." आणि मग घाईने म्हणाली, "पर कौतिकानं म्हनायचं! आमच्या बाई एक चूक सोडत न्हाईत, म्हनायचं. साऱ्या आळीला सांगत व्हतं."

कौतुकाने म्हणायचात का हो? मला ते कधीच कळणार नाही. तुम्हाला मोकळं बोलायला जागा लागत होती, आणि ती तुम्ही घराच्या भिंतीपलीकडे शोधलीत, एवढं मात्र कळलं. पार्वतीने तुम्हाला माझ्यापासून ओढलं नव्हतं. मीच लाल पेन घेऊन दारात बसले होते.

मी फोनकडे पाहिलं. सेटिंग, वाय-फाय, शेअर. पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांचा एक चौकोन आला आणि त्याच्याखाली बारीक इंग्रजी अक्षरं. आय, एम, ए, एल.

इमल.

पहिल्यांदा मनात काय आलं सांगू? तुमची बहीण. अहो, मी इतकी जळकी आहे की त्या क्षणीही मला वाटलं, बायको गेली खड्ड्यात, बहिणीचं नाव घातलं. मग पुढची अक्षरं वाचली. ए, एल, वाय, ए, सी, एच, आय. मी ती एकदा वाचली, मग बोट ठेवून वाचली, पहिलीच्या मुलांना वाचायला लावायची तशी. इमल आळ्याची.

तुमची ती विहीर म्हणजे इहीर, विचार म्हणजे इचार, आणि विठ्ठल म्हणजे इठ्ठल. मग विमल दुसरी कोण असणार? मी पुढून-मागून सगळ्या तऱ्हेने माझं नाव घातलं, पण प्रत्येक वेळी शुद्ध घातलं. एक 'व्ही' जास्त होता. आणि ताटातल्या तांदळात तुम्ही काढलेला तो 'इ' चुकलेला 'सु' नव्हता. इतकी वर्षं मी त्याला चूक म्हणत आले.

"काय हाय वो बाई?" पार्वती विचारत होती. "काय लिवलंय?"

मला तिला सांगायचं नव्हतं. दिवाळीपासून तिच्या फोनवर माझं नाव होतं, ती त्याच्यावर नवऱ्याशी बोलत होती, आणि तिला ते वाचता येत नव्हतं. मला वाचता येतं, आणि माझ्यापुढे तुम्ही ते पाठमोरं लिहिलंत. का, तर मी म्हणाले असते, 'इमल' नाही, 'विमल'. म्हणालेच असते हो. पण एकदा रागावून, मग दुसऱ्यांदा हाक मारा म्हणाले नसते का? त्या भिंतीवरच्या पांढऱ्या डबीला तुम्ही माझं नाव सांगितलंत आणि मला सांगितलं नाहीत. पार्वतीवर आता मी निम्मीच जळते. उरलेली त्या डबीवर जळते.

चहा मी घेतला. तिने साखर जास्त घातली होती, तशीच प्याले. निघताना ती म्हणाली, "आता माझं नेट बंद करनार का बाई?" मी म्हटलं, "राहू दे." राहू दे म्हणताना जड गेलं, हे तुम्हाला म्हणून सांगते.

घरी आले तर प्रवीण बॅग भरून, टाचणी घेऊन तयार. मी माझा नवा फोन घेतला. खिडकीकडे तोंड केलं, त्याच्याकडे पाठ केली, चष्मा कपाळावर सारला आणि एकेक अक्षर दाबलं. चक्र फिरलं आणि जोडलं गेलं. चौदा दिवसांचे मेसेज टणाटण यायला लागले. मग त्याचा फोन मागून घेतला आणि त्यातही तसाच, पाठ करून घातला.

"सापडला?" तो बघतच राहिला. "कुठे लिहिला होता? काय होता गं?"

मी त्याच्याकडे वळले नाही, कारण माझं तोंड त्याला दिसायला नको होतं. "काय न्हाई," म्हणाले. "नंबर हाय."

तुमचा मुलगा हसला. माझ्याच हाताखाली शिकलेला, माझ्याच शाळेत पहिला आलेला. म्हणाला, "आई! 'न्हाई' काय? 'नाही' म्हण."

मी गप्प बसले. तुम्ही बसायचात तशीच.